नाव बरोबर, डोस बरोबर, तरी चूक : बाटलीवरचं 'प्रति एमएल' वाचण्याबद्दल

सुईदोरा (धागाकर्ती)

नर्सिंगच्या परीक्षेत 'औषध देताना काय तपासाल' हा प्रश्न आला की एकही मुलगी अडत नाही. योग्य रुग्ण, योग्य औषध, योग्य मात्रा, योग्य मार्ग, योग्य वेळ, पुढे योग्य नोंद. सगळं पाठ असतं आणि ते असायलाच हवं. पण वॉर्डात आणि नंतर शिकवताना मी ज्या चुका जवळून पाहिल्या, त्यांतल्या सगळ्यात धोक्याच्या चुकांमध्ये पेशंट बरोबर होता, औषधाचं नाव बरोबर होतं, कागदावर लिहिलेला डोसही बरोबर होता. वाचायचं राहिलं होतं ते बाटलीवरचं सगळ्यात बारीक अक्षर : एका एमएलमध्ये किती. या एकाच गोष्टीवर बोलायचं आहे, म्हणून हा धागा.

इन्सुलिनपासून सुरुवात करते, कारण ते वॉर्डात आहे आणि घराघरांतही आहे. आपल्याकडे १० एमएलच्या बहुतेक बाटल्या ४० युनिट प्रति एमएलच्या. पेनात बसणारी ३ एमएलची कार्ट्रिज मात्र १०० युनिट प्रति एमएलची, आणि ग्लार्जिनसारख्या काही इन्सुलिनची बाटलीही १०० ची मिळते. सिरिंज दोन : लाल टोपणाची ४० साठी, केशरी टोपणाची १०० साठी. टोपण काढून टाकलं की दोन्ही जवळपास सारख्याच दिसतात.

समजा २० युनिटची ऑर्डर आहे. लाल सिरिंजमध्ये २० च्या खुणेपर्यंत भरलं म्हणजे अर्धा एमएल. बाटली ४० ची असेल तर बरोबर २० युनिट. पण पेन बिघडलं म्हणून कुणी त्याच सिरिंजने कार्ट्रिजमधून इन्सुलिन काढलं, तर त्याच अर्ध्या एमएलमध्ये ५० युनिट गेले. अडीचपट. उलट ४० ची बाटली आणि केशरी सिरिंज अशी जोडी जमली, तर २० च्या खुणेवर ०.२ एमएल येतं, म्हणजे फक्त ८ युनिट. मग शुगर खालीच येत नाही, डॉक्टर डोस वाढवत नेतात, आणि एके दिवशी दुसऱ्या पाळीतली कुणीतरी बरोबर सिरिंज वापरते. वाढवलेला डोस त्या रात्री पूर्ण ताकदीने लागतो.

रक्त गोठू न देणाऱ्या हेपॅरिनचं पाहा. ५ एमएलची एक व्हायल (औषधाची छोटी बाटली) १,००० युनिट प्रति एमएलची, म्हणजे सगळी मिळून ५,०००. दुसरी ५,००० प्रति एमएलची, म्हणजे सगळी मिळून २५,०००. '५,०००' हा आकडा दोन्हींच्या हिशोबात येतो. ऑर्डर ५,००० युनिटची असली की नजर तोच आकडा शोधते, आणि सापडला की तिथेच थांबते. २००७ साली लॉस एंजेलिसच्या सीडर्स-सायनाय रुग्णालयात अभिनेते डेनिस क्वेड यांच्या नवजात जुळ्यांना १० ऐवजी १०,००० युनिट प्रति एमएलचं हेपॅरिन गेलं होतं. ती मुलं वाचली. त्याच्या आदल्या वर्षी इंडियानापोलिसमध्ये अशाच चुकीत तीन बाळं गेली.

पण मला सर्वांत जास्त धास्ती अमिकॅसिन या अँटिबायोटिकची. १०० एमजी, २५० एमजी आणि ५०० एमजी, तिन्ही व्हायल २ एमएलच्या. दोन किलोच्या बाळाला १५ एमजी प्रति किलोने ३० एमजी द्यायचं असेल, तर १०० च्या व्हायलमधून ०.६ एमएल घ्यायचं. ती व्हायल संपली, स्टोअरमधून ५०० ची आली, आणि 'या बाळाला ०.६ जातं' एवढंच ओव्हरमध्ये, म्हणजे पाळी बदलताना, सांगितलं गेलं, तर बाळाच्या शिरेत ३० च्या जागी १५० एमजी जातं. हे औषध मूत्रपिंडावर आणि कानावर येतं. त्या बाळाला ऐकू कमी येतं हे पुढे महिन्यांनी कळतं, तेव्हा त्या ०.६ ची आठवण कुणालाही नसते.

म्हणून माझं ठाम मत आहे की ओव्हर देताना एमएलमध्ये डोस सांगायचाच नाही. एमजी किंवा युनिट सांगा. एमएल काढायचं ते हातातली व्हायल वाचून, दर वेळी नव्याने. आणि 'अर्धी अँप्युल द्या' (अँप्युल म्हणजे फोडायची कुपी) ही ऑर्डर तर घ्यायचीच नाही. कशाची अर्धी, हे दोघींनाही माहीत नसतं.

तुमच्या वॉर्डात, दुकानात, घरी काय होतं ते लिहा.

रानजाई

आयसीयूत आहे. ताईंनी लिहिलेलं शब्दन् शब्द पटलं. आमच्याकडे इन्सुलिन इन्फ्युजन (पंपाने शिरेत सावकाश सोडायचं) ५० एमएलमध्ये ५० युनिट असं लावतात, म्हणजे एका एमएलला एक युनिट. पंपावरचा आकडा आणि युनिट एकच येतात, म्हणून ही पद्धत चांगली. पण ते ५० युनिट भरताना बाटली कुठली? ४० ची असेल तर १.२५ एमएल, १०० ची असेल तर ०.५ एमएल. खरेदीवाल्यांनी कंपनी बदलली की बाटली बदलते आणि वॉर्डाला कुणी सांगत नाही. १.२५ चा हात बसलेला असतो. तसंच १०० च्या बाटलीतून भरलं तर सिरिंजमध्ये १२५ युनिट.

दुसरं, रक्तातलं पोटॅशियम वाढलं की १० युनिट इन्सुलिन डेक्स्ट्रोजमध्ये (साखरेच्या द्रावणात) देतात. घाईत कुणी २ एमएलच्या साध्या सिरिंजने काढायला जातं. ४० च्या बाटलीतले १० युनिट म्हणजे पाव एमएल. त्या सिरिंजवर पाव एमएल नीट वाचता येत नाही. इन्सुलिन इन्सुलिनच्या सिरिंजनेच काढायचं, डेक्स्ट्रोजमध्ये घालायचं असलं तरी. आणि दिल्यानंतर शुगर तासातासाने बघायची, पुढचे चार-सहा तास तरी. एकदा चांगली आली म्हणून सोडायचं नाही.

फार्मासिस्ट_अकोला

स्टोअरच्या बाजूने लिहितो. 'प्रति एमएल' सगळ्यांवर सरळ लिहिलेलं नसतं, हा अर्धा त्रास आहे. कुठे टक्के असतात, कुठे गुणोत्तर. टक्के म्हणजे १०० एमएलमध्ये इतके ग्रॅम. म्हणून २% लिग्नोकेन (जागा बधिर करायचं औषध) म्हणजे एका एमएलमध्ये २० एमजी. १५% पोटॅशियम क्लोराइड म्हणजे एमएलला १५० एमजी, १० एमएलच्या अँप्युलमध्ये दीड ग्रॅम, म्हणजेच २० मिलिइक्विव्हॅलंट (पोटॅशियम मोजायचं एकक). अॅड्रेनालिनचं १:१००० म्हणजे १,००० एमएलमध्ये १ ग्रॅम, अर्थात एमएलला १ एमजी. १:१०,००० म्हणजे एमएलला ०.१ एमजी. संकटाच्या वेळी कुणालाही हे शून्य मोजता येत नाहीत. अमेरिकेत २०१६ पासून अशा औषधांच्या लेबलवर गुणोत्तर छापणंच बंद केलं.

पोटॅशियमबद्दल वेगळं सांगतो. ती अँप्युल प्लास्टिकची, १० एमएलची, पारदर्शक. डिस्टिल्ड वॉटरचीही तशीच. एका ट्रेमध्ये दोन्ही ठेवल्या तर एक दिवस अँटिबायोटिक पोटॅशियममध्ये विरघळवलं जाणार. ते थेट शिरेत गेलं तर हृदय थांबतं. ही अँप्युल कधीच पुश करायची नाही. सलाईनमध्ये घालायची, बाटली उलटसुलट करून नीट मिसळायची आणि सावकाश सोडायची. हातातल्या वेनफ्लॉनमधून (शिरेत लावलेल्या नळीतून) ताशी १० मिलिइक्विव्हॅलंटपर्यंत. लटकलेल्या बाटलीत नुसतं टोचून दिलं तर ते तळाशी साचतं आणि पहिल्या काही मिनिटांतच बरंचसं जातं. आमच्याकडे ती वॉर्डात सुटी ठेवत नाहीत. पेशंटचं नाव लिहून इंडेंट (मागणीचा कागद) आलं की लाल पिशवीतून जाते. सुरुवातीला सिस्टर मंडळी वैतागली होती, आता तीच मंडळी पिशवी मागतात.

कोकणरेषा

ग्रामीण रुग्णालयात मेडिकल ऑफिसर आहे. धाग्याशी सहमत, पण 'अँप्युलमध्ये ऑर्डर घ्यायचीच नाही' याला माझी हरकत आहे.

एक्लॅम्पसिया, म्हणजे गरोदरपणात रक्तदाब वाढून येणारे झटके. अशी बाई रात्री जीपमधून येते. मॅगसल्फचा (मॅग्नेशियम सल्फेटचा) लोडिंग, म्हणजे पहिला मोठा डोस : ४ ग्रॅम शिरेतून, १० ग्रॅम स्नायूत. आमची अँप्युल ५०%, २ एमएल, म्हणजे १ ग्रॅमची. म्हणून माझ्या लेबर रूमच्या भिंतीवर असं लिहिलंय : चार अँप्युल अधिक १२ एमएल सलाईन, २० एमएलच्या सिरिंजमध्ये, किमान पाच मिनिटं घेऊन शिरेत. मग पाच अँप्युल एका नितंबात, पाच दुसऱ्यात, थोडं लिग्नोकेन घालून. त्या वेळी एएनएम (आरोग्यसेविका) ताईंनी टक्क्यांचं गणित करावं अशी अपेक्षा ठेवणं हा तिच्यावरही अन्याय आणि त्या बाईवरही. अँप्युल मोजणं हेच तिथे सुरक्षित.

पुढचा ५ ग्रॅमचा डोस दर चार तासांनी, पण आधी तीन गोष्टी पाहिल्याशिवाय नाही : गुडघ्याखाली ठोकल्यावर पाय उडतोय का, श्वास मिनिटाला १६ तरी आहेत का, लघवी ताशी ३० एमएल तरी होतेय का. यातलं एक जरी नसेल तर डोस थांबवायचा आणि मला उठवायचं. मॅगसल्फवरचा उतारा म्हणून कॅल्शियम ग्लुकोनेट १०%, १० एमएल, त्याच ट्रेमध्ये हवं. कपाटात कुलूपबंद नको.

सुईदोरा

डॉक्टर, तुमचा मुद्दा मान्य. 'घ्यायचीच नाही' हे मी सरसकट लिहिलं, ते तुमच्या लेबर रूमला लागू होत नाही. गणित शांत डोक्याने आधी करून भिंतीवर लावणं हे त्या वेळी करण्यापेक्षा केव्हाही चांगलं. फक्त एक विनंती. त्या कागदावर 'चार अँप्युल' च्या शेजारी '५०%, २ एमएल, १ ग्रॅमची' हेही ठळक लिहा, आणि पुरवठा बदलला तर तो कागद उतरवून नवा लावायची जबाबदारी एका नावावर टाका. कागद जुना आणि अँप्युल नवी, असं झालं की तोच कागद घात करेल.

पोपटी

मला राग आलाय आणि तो इथे कुणावर नाही. रात्री दोघी सिस्टर, चाळीसच्या वर पेशंट, त्यात जमिनीवरच्या गाद्या वेगळ्या. दोघींनी तपासा, दोघींची सही घ्या, हे सगळं मी ट्रेनिंगमध्ये ऐकलंय. दुसरी सिस्टर दुसऱ्या टोकाला सलाईन लावत असते. मग सही नंतर होते, न बघता होते. अशी सही धोक्याची आहे, कारण पहिलीला वाटतं दुसरीने बघितलंय आणि दुसरीला वाटतं पहिलीने.

आणि औषधांच्या राउंडला मध्ये मध्ये हाका. सलाईन संपलं, डॉक्टर कुठेत, डिस्चार्ज कधी, बेडपॅन, फोन. पाच मिनिटं सलग ट्रेसमोर उभं राहता येत नाही.

बर्मिंगहॅमकर

मूळचा साताऱ्याचा, इथे इंग्लंडच्या सरकारी आरोग्यसेवेत, एनएचएसमध्ये, स्टाफ नर्स. पोपटी, व्यत्ययांचं तुम्ही म्हणता ते मोजून पाहिलेलं आहे. सिडनीच्या दोन रुग्णालयांत ९८ नर्सना चार हजारांहून जास्त औषधं देताना पाहिलं, २०१० साली ते प्रसिद्ध झालं. एकेका व्यत्ययामागे चुका सुमारे १२ टक्क्यांनी वाढत होत्या. म्हणजे 'लक्ष देऊन काम करा' एवढं सांगून भागत नाही, हाका थांबवायची व्यवस्था करावी लागते.

दुसरी सही सगळ्याला मागू नका, हे माझंही मत. थोड्याच औषधांना मागा, पण खरी मागा. आमच्याकडे इन्सुलिन इन्फ्युजनला दुसरी नर्स स्वतंत्र हिशोब करते. मी तिला माझं उत्तर सांगत नाही. सांगितलं की तिच्या डोळ्यांना तेच दिसतं. ती फक्त चार्ट आणि व्हायल बघून आकडा सांगते, आणि तो जुळला तरच सिरिंज लागते.

दोन गोष्टी इथल्या. २००२ मध्ये इथे देशभर सूचना निघाली आणि तीव्र पोटॅशियम क्लोराइड साध्या वॉर्डांतून उचललं गेलं. आणि इन्सुलिनच्या ऑर्डरमध्ये 'युनिट' हा शब्द पूर्ण लिहायचा. नुसतं इंग्रजी 'यू' लिहिलं तर ते शून्यासारखं दिसतं आणि ४ चे ४० होतात. लघुरूप लिहिल्यामुळे किंवा चुकीच्या सिरिंजमुळे इन्सुलिन जास्त जाणं हे इथे 'कधीच घडता कामा नये' अशा घटनांच्या यादीत आहे. असं झालं की चौकशी होते, आणि ती चौकशी ऑर्डर लिहिणाऱ्यापासून सुरू होते.

धाकटी सून

मी नर्स नाही, पण धागा वाचून पोटात गोळा आला. सासूबाई दोन वेळा इन्सुलिन घेतात, बाटली आणि लाल टोपणाची सिरिंज. पुढच्या महिन्यात मोठ्या दिरांकडे अमेरिकेला सहा महिने जाणार आहेत. 'सिरिंज जड नको, तिथे मिळतील' असं दीर म्हणाले. मिळतील का?

सुईदोरा

अजिबात असं करू नका. तिथे माणसांसाठी मिळणाऱ्या सिरिंज १०० च्या असतात. सासूबाईंची ४० ची बाटली आणि तिथली सिरिंज अशी जोडी झाली तर त्यांना ठरलेल्या डोसच्या ४० टक्केच जाईल. आणि इथल्या सिरिंज नेल्या, पण इन्सुलिन संपल्यावर तिथली १०० ची बाटली आणली, तर अडीचपट जाईल. हे जास्त घातक.

सोपा मार्ग म्हणजे जाण्याआधी डॉक्टरांना विचारून पेनावर जाणं. पेनात दोन्हीकडे बहुतेक १०० चंच चालतं, युनिट तेवढेच राहतात. (३०० ताकदीचं ग्लार्जिन पेनही येतं, ते वेगळं. त्यातून सिरिंजने काढायचं नाही.) पेन नको असेल तर सहा महिन्यांच्या बाटल्या आणि सहा महिन्यांच्या लाल सिरिंज एकत्र न्या, डॉक्टरांच्या चिठ्ठीसह, आणि विमानात हातातल्या बॅगेत. सामानाच्या डब्यात इन्सुलिन गोठू शकतं आणि गोठलेलं पुन्हा वापरायचं नाही. दिरांच्या फ्रिजवर एक कागद लावा : '४० ची बाटली, लाल सिरिंज, दुसरी चालणार नाही.' आणि शुगर ७० च्या खाली गेली तर तीन चमचे साखर पाण्यातून, पंधरा मिनिटांनी पुन्हा तपासणी, हे सगळ्या घराला माहीत हवं.

बीएस्सी थर्ड इयर

मॅडम, मी विद्यार्थिनी आहे. पोस्टिंगमध्ये आम्हाला गणित करू देत नाहीत. सिनियर सिस्टर म्हणतात 'रोज एवढंच जातं, भर आणि दे'. मी व्हायल वाचत उभी राहिले तर उशीर होतो म्हणून ओरडा बसतो. शंका आली तर काय करायचं?

रानजाई

बाळा, शंका आली तर सुई पेशंटपर्यंत न्यायची नाही, बस. पण विचारायची एक पद्धत आहे. 'सिस्टर, हे चुकतंय' असं म्हणू नकोस. व्हायल त्यांच्या हातात दे आणि म्हण, 'ही किती एमजीची, मला वाचून सांगता का? माझं उत्तर ०.१२ येतंय.' त्या वाचतील, आणि वाचलं की बहुतेक वेळा दिसतंच.

गणित एकच आहे : हवं तितकं, भागिले हातात आहे तितकं, गुणिले ते ज्या एमएलमध्ये आहे ते. वरच्या अमिकॅसिनचं, ५०० ची व्हायल असेल तर : ३० भागिले ५०० गुणिले २, उत्तर ०.१२. वहीत लिहून कर, तोंडी नको. दशांशाच्या आधी शून्य लिहीच : ०.५, नुसतं .५ नाही. आणि ५.० लिहायचं नाही, टिंब पुसलं गेलं की ५० होतात. उत्तर एका व्हायलपेक्षा जास्त किंवा अगदी थेंबभर आलं तर थांब आणि पुन्हा वाच. एकाच डोसला चार व्हायल फोडाव्या लागत असतील तर नव्वद टक्के आपलंच वाचन चुकलेलं असतं.

पोपटी

हे सगळं शिकवा, पण चूक झाल्यावर काय होतं तेही सांगा त्या मुलीला. मेमो सिस्टरला मिळतो. दोन ताकदीच्या व्हायल एका डब्यात कुणी ठेवल्या, हे विचारलं जात नाही. म्हणून मग थोडक्यात बचावलेल्या गोष्टी कुणी लिहूनच ठेवत नाही.

बर्मिंगहॅमकर

याबद्दल जगभर बोलणं झालं ते टेनेसीच्या प्रकरणात. डिसेंबर २०१७, नॅशव्हिल. मिडाझोलॅम हे गुंगीचं औषध हवं होतं, नर्सने औषधांच्या मशीनमध्ये ब्रँडच्या नावाची पहिली दोन अक्षरं टाकली आणि व्हेक्युरोनियम निघालं, जे श्वासाचे स्नायू बंद करतं. पेशंट गेली. त्या नर्सने स्वतःहून सांगितलं होतं. मार्च २०२२ मध्ये तिला फौजदारी गुन्ह्यात दोषी ठरवलं, मे मध्ये तीन वर्षं प्रोबेशन. तिने वाचायला हवं होतं, यात वाद नाही : टोपणावर इशारा होता, आणि मिडाझोलॅम द्रवरूप असतं, हे पावडर होतं. पण स्वतःहून सांगणाऱ्याला गुन्हेगार केलं तर पुढची गप्प बसते, ही भीती इथे माझ्या वॉर्डातही उघड बोलली गेली.

दोन पोरांची आई

घरातलं विचारते. धाकटा दहा किलोचा, मोठी अठरा किलोची. तापाला दोघांचं पॅरासिटामॉल वेगवेगळ्या बाटल्यांत आहे : एक ड्रॉप्स, एक सिरप. दोन्हींवर नाव एकच. धाकट्याचं संपलं तर मोठीचं तेवढंच देऊ का?

फार्मासिस्ट_अकोला

तेवढंच नाही! या धाग्याचा सगळा विषय तुमच्या त्या दोन बाटल्यांत आहे. ड्रॉप्स साधारण १०० एमजी प्रति एमएल असतात. सिरप ५ एमएलमध्ये १२० किंवा १२५ एमजीचं असतं, आणि २५० एमजीचंही असतं. मात्रा १० ते १५ एमजी प्रति किलो. दहा किलोच्या बाळाला १५० एमजी द्यायचं ठरलं तर ड्रॉप्सचे दीड एमएल, १२५ च्या सिरपचे ६ एमएल, २५० च्या सिरपचे ३ एमएल. सिरपचे ६ एमएल म्हणून ड्रॉप्सचे ६ दिले तर ६०० एमजी गेले, चौपट, आणि ते लिव्हरवर येतं. दोन डोसांत किमान चार ते सहा तास, दिवसात चारपेक्षा जास्त नाही. सर्दीच्या मिश्र सिरपमध्येही पॅरासिटामॉल असतं, तेही याच हिशोबात धरा. तीन महिन्यांच्या आतल्या बाळाला ताप आला तर घरी काही न देता डॉक्टरकडेच.

सिस्टर मंडळींसाठी : शिरेतून द्यायची १०० एमएलची बाटली १ ग्रॅमची, म्हणजे एमएलला १० एमजी. दहा किलोच्या मुलाचे १५० एमजी म्हणजे १५ एमएल. तेवढंच सिरिंजमध्ये काढून लावा, सगळी बाटली लहान मुलाच्या खाटेवर लटकवू नका.

आई, तुम्ही आज दोन्ही बाटल्यांवर मार्करने मुलाचं नाव, वजन आणि किती एमएल ते लिहून ठेवा. वजन वाढलं की आकडा बदला. चहाच्या चमच्याने मोजू नका, सिरपला बाटलीबरोबरचं माप वापरा. ड्रॉप्सचा ड्रॉपर त्याच बाटलीचा, दुसऱ्या बाटलीला लावायचा नाही. बाटली संपली की ड्रॉपरही टाकून द्या.